मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती किमी आणि किती तास? जाताना १६ आणि येताना १४ असं कसं?

डेपो_सांगली
नमस्कार मंडळी. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, रिटायर झालो. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते, तिचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे म्हणून मी आणि आमची मंडळी जानेवारीत निघणार आणि मे महिन्यात परत येणार. मुलगी म्हणते बाबा तुम्ही नुसतं बसा तिकीट मी काढते, पण मला टाइमटेबल स्वतः बघितल्याशिवाय चैन पडत नाही, सवय आहे.

तर प्रश्न असे. गूगलवर मुंबई न्यूयॉर्क अंतर टाकलं तर एका साइटवर ७७९० आलं, दुसरीवर ६७७० आणि तिसरीवर १२५४०. यातलं खरं कुठलं? १२५४० धरलं आणि विमान ९०० च्या स्पीडने जातं म्हटलं तर १४ तास होतात, त्या साइटवर पण साडेचौदा दाखवतंय. पण तिकिटावर थेट फ्लाइटला जाताना सव्वासोळा तास आणि येताना साडेचौदा. आमच्या एसटीत सांगली मुंबई जेवढे किमी तेवढेच मुंबई सांगली, टाइम पण तोच लावायचो. मग इथे पावणेदोन तास जातात कुठे?

दुसरं म्हणजे तिकिटावर रात्री १:३० ला सुटून सकाळी ७:१५ ला पोचतं असं छापलंय, तारीख तीच. येताना सकाळी ११:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. हे कसं वाचायचं?

आणि तिसरं, लंडनवरून किंवा आखातातून गेलं तर बरंच स्वस्त पडतंय पण मग अंतर किती वाढतं? मंडळींचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी पण आहे. वय माझं ६८, त्यांचं ६४. जाणकारांनी सांगावं.

एडिसनची_सून
काका अभिनंदन आधी! आजोबा होताय 🙂

तीन आकड्यांचं सोपं आहे, तिन्ही बरोबर आहेत. १२५४० किलोमीटर, ७७९० मैल आणि ६७७० नॉटिकल मैल. विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. साइटवर कोपऱ्यात बारीक अक्षरात युनिट लिहिलेलं असतं.

तारखेचं असं की तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. रात्री दीडला निघालात, सव्वासोळा तास धरले की आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा वाजलेले असतात, त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे सव्वासात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात त्यामुळे मे मध्ये फरक साडेनऊच राहतो. तिथून सकाळी साडेअकराला निघालात तेव्हा सांगलीत रात्रीचे नऊ, त्यात साडेचौदा तास मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. म्हणजे छापलेल्या वेळा वजा करायच्याच नाहीत, खाली ड्युरेशन म्हणून लिहिलेलं असतं तेवढंच बघायचं.

एक महत्त्वाचं, मुलगी एडिसनला आहे तर न्यू जर्सीतला नेवार्क एअरपोर्ट बघा. मुंबईपासून जेएफके (न्यूयॉर्क शहरातला एअरपोर्ट) आणि नेवार्क यांच्या अंतरात फरक पंधराएक किमीचा पण नाही, पण एडिसनहून नेवार्क साधारण अर्धा तास आणि जेएफकेला ट्रॅफिक लागला तर दीड तास पण जातो, जानेवारीत स्नो असेल तर विचारूच नका.

पक्या_ठाणे
जायला जास्त वेळ लागतो कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणजे येताना मुंबई आपल्याकडे येत असते आणि जाताना न्यूयॉर्क लांब पळत असतं. शाळेत शिकलोय

ढगवाला
पक्या तुझ्या हिशोबाने येताना मुंबई ताशी हजार-पंधराशे किमीने पळत सुटेल रे, आपण पूर्वेकडेच जाणार, म्हणजे ती उलट लांब जाईल. तसं काही होत नाही कारण हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

काका मी फ्लाइट डिस्पॅचला काम करतो, म्हणजे प्रत्येक फ्लाइटचा रूट आणि इंधन किती भरायचं याचा प्लॅन आम्ही करतो, तुमच्याच धंद्यातला समजा. खरं कारण वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात सगळ्यात जोर असतो आणि मधल्या पट्ट्यात ताशी दोनशे किमीच्या पुढे सहज जातो. विमानाचा ९०० स्पीड हा हवेतला स्पीड, जमिनीवरचा नाही. समोरून सरासरी ७० चा वारा धरला तर जमिनीच्या हिशोबाने ८३० च उरतात, मागून ५० मिळाला तर ९५० होतात. आता अंतर १२५४० नाही, प्रत्यक्षात १२९०० च्या आसपास उडावं लागतं (का ते खाली सांगतो), म्हणजे जाताना साडेपंधरा आणि येताना साडेतेरा. वर धावपट्टीपर्यंत जाणं, लाइनीत थांबणं, उतरल्यावर गेटला लागणं हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. झाले तुमचे सव्वासोळा आणि साडेचौदा.

तुमच्या एसटीचंच उदाहरण घ्यायचं तर तुमच्या वेळी खंबाटकीत मुंबईहून सांगलीकडे जाताना घाट आणि मुंबईकडे येताना बोगदा, किमीचा दगड एक सांगतो आणि ड्रायव्हर वेगळं सांगतो. फरक एवढाच की आमचा घाट रोज जागा बदलतो 😄 त्यामुळे रूट पण रोज नवा निघतो. अटलांटिकवर तर दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वाऱ्याप्रमाणे वेगळे ट्रॅक आखतात, एक आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं कंट्रोल सेंटर आणि एक कॅनडातलं गँडर. जाताना जेट स्ट्रीम टाळायला उत्तरेकडून, येताना त्यावर स्वार व्हायला त्याच्या मधोमध. फेब्रुवारी २०२० मध्ये मोठं वादळ होतं तेव्हा न्यूयॉर्कहून लंडनला एक बोइंग ७४७ विमान चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तासांचं काम.

डेपो_सांगली
वा. खंबाटकी बरोबर पकडलात. पण १२५४० चं १२९०० कसं होतं ते राहिलं. आणि नकाशावर सरळ रेघ मारली तर सौदी, इजिप्त, अल्जीरिया वरून जातं, मग लोक म्हणतात की विमान ग्रीनलंडवरून जातं, ते वाकडं कशाला?

ढगवाला
भिंतीवरच्या नकाशावर तुम्ही जी सरळ रेघ मारली ना तीच वाकडी आहे. तिच्यावरून गेलात तर जवळजवळ १४२०० किमी होतील. नातवासाठी पृथ्वीगोल घ्याच, आणि मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरून दुसरं न्यूयॉर्कवर ताणून बघा, दोरा आपोआप वर सरकतो. मुंबईतून निघून सिंधमध्ये लारकान्याजवळून, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या शेजारून, फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रावरून, थेट आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, लॅब्राडोर आणि खाली न्यूयॉर्क. ही १२५४० वाली वाट. म्हणजे अमेरिकेला जायचं तर मुंबईतून तोंड पश्चिमेला नाही, उत्तरेला थोडं डावीकडे करून निघायचं.

पण ती वाट कागदावर राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आपण त्यांना. अमेरिकन आणि युरोपच्या कंपन्या २०२२ पासून रशियावरून जात नाहीत. इराण-इराकचं वातावरण बिघडलं की तिकडूनही वळसा. मग अरबी समुद्रावरून, आखातावरून, तुर्कस्तानवरून युरोप असं जायचं. आता गंमत बघा, मुंबई ते इस्तंबूल साधारण ४८३०, इस्तंबूल ते न्यूयॉर्क ८०३०, बेरीज १२८६०. एवढा मोठा वळसा वाटतो आणि वाढले फक्त तीन-सव्वातीनशे किमी, वीस-पंचवीस मिनिटं. लांबच्या प्रवासात मधल्या भागात थोडं बाजूला सरकलं तर बेरीज फारशी वाढत नाही. मुंबई त्या बाबतीत नशीबवान, दिल्लीवाल्यांची मात्र खरी पंचाईत झाली, त्यांना आधी खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला, अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना इंधनासाठी व्हिएन्नाला वगैरे थांबावं लागलं.

आणि किमी म्हणजे वेळ नाही याचा सगळ्यात भारी पुरावा सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेली. अंतर १३९०० वरून १५३०० झालं, चौदाशे किमी जास्त, आणि तरीही वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी, साडेचौदा तासांत पोचले. सगळा रस्ता वारा पाठीशी. दूरच्या रस्त्याने लवकर, हे तुमच्या डेपोत कुणाला पटलं असतं का?

पक्या_ठाणे
ओके सर मान्य 🙏 मग पृथ्वीच्या फिरण्याचा काहीच संबंध नाही का

ढगवाला
आहे ना, पण आडून. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती पूर्वेकडे वळते, जेट स्ट्रीम तयार होतो तो त्यातून आणि उत्तर-दक्षिण तापमानातल्या फरकातून. म्हणून हिवाळ्यात जोर जास्त, तेव्हा तो फरक मोठा असतो. काकांचं जानेवारीत जाणं म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने वाईट सीझन, पण बाळ काय वारा बघून येणार नाही.

सहारवाला_काका
तरुण मंडळी सोळा तासांचं कौतुक करताय. १४ मे १९६० ला एअर इंडियाने मुंबईहून न्यूयॉर्क सुरू केलं ते बोइंग ७०७ ने आणि लंडनला थांबून. एअर इंडियाला मुंबई न्यूयॉर्क मध्ये न थांबता जायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला, बोइंग ट्रिपल सेव्हनच्या (७७७) लांब पल्ल्याच्या विमानाने. मधली सत्तेचाळीस वर्षं सगळे लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस करत गेलो आणि कुणाचं काही बिघडलं नाही. थेट पाहिजेच हा हट्ट नवीन आहे.

एडिसनची_सून
@सहारवाला_काका मान्य आहे पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा.

सांगलीकर काका आता तुमचा तिसरा प्रश्न, तोच खरा कामाचा. अंतराची काळजी सोडून द्या. मुंबई लंडन ७२०० आणि लंडन न्यूयॉर्क ५५४०, म्हणजे १२७५० च्या आत. दुबईवरून १९३० आणि ११०२०, म्हणजे १२९५०. थेटपेक्षा दोनशे चारशे किमी जास्त, काहीच नाही. वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या एअरपोर्टवरचा थांबा, आणि एकदा उतरून परत चढणं.

बघायचं असेल तर तुकडे कसे पडतात ते बघा. लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिसवरून गेलात तर साधारण दहा तास आणि आठ तास असे दोन बरोबरीचे तुकडे पडतात, मध्ये तीन-चार तास पाय मोकळे होतात. आखातातून गेलात तर तीन तास आणि मग सलग चौदा. म्हणजे थेट फ्लाइटचा त्रास जवळजवळ तेवढाच, वर मध्यरात्री झोपमोड करून एकदा उतरा. माझ्या सासूबाई एकदा आखातातून आल्या आणि एकदा युरोपातून, त्या म्हणतात युरोपातून बरं, पहिल्या तुकड्यात झोप काढायची आणि दुसऱ्यात फक्त जेवण आणि सिनेमा.

आखातातला एकच फायदा सांगते, अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, मग न्यूयॉर्कला उतरलं की सरळ बॅग घ्यायची आणि बाहेर, लाइनीत उभं राहायला नको. पण तेव्हा लेओव्हर कमीत कमी तीन तासांचा घ्या, तपासणी दोनदा होते.

मिरजेची_माया
दोघांना पण व्हीलचेअर लावून घ्या बुकिंग करतानाच, लाजू नका. चालता येतं पण लांब चालवत नाही असा ऑप्शन असतो, तो टाकायचा. हिथ्रोला टर्मिनल बदलायला लागलं तर बस करून जावं लागतं आणि परत सिक्युरिटी, व्हीलचेअरवाला माणूस बरोबर असला की शोधाशोध नको आणि इंग्रजीचं पण टेन्शन नाही.

दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर (एकाच पीएनआरवर) घ्या हां, स्वस्तात दोन वेगळी तिकिटं काढून देणारे एजंट आहेत, पहिली फ्लाइट लेट झाली की दुसरीवाले हात वर करतात. आमच्या शेजाऱ्यांचं झालंय असं, रात्रभर खुर्चीवर बसून होते. आणि मध्ये ज्या देशात उतरणार तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या साइटवर बघा, अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे झालं असं धरू नका, नियम बदलत असतात.

जेवणाचं पण सांगून ठेवते. व्हेज पाहिजे असेल तर एशियन व्हेजिटेरियन मील निवडा. हिंदू मील निवडलं तर त्यात मांसाहारी येतं, नावावर जाऊ नका, आमच्या मामींच्या पुढ्यात चिकन आलं होतं.

डेपो_सांगली
हे हिंदू मीलचं बरं सांगितलं, मी तेच टिक करणार होतो.

आता घरात चर्चा झाली. मंडळी म्हणतात मध्ये उतरायला नकोच, एकदा बसलं की बसलं, सामान एकदाच द्यायचं. मुलगी म्हणते थेटच घ्या. माझं मत युरोपवरून दहा आणि आठ कडे झुकतंय, पैसे पण वाचतात. दोन गोष्टी अजून. सलग सोळा तास बसलं तर गुडघ्यांचं काय करायचं, आणि बीपीची गोळी रोज सकाळी आठला असते ती कुठल्या घड्याळाने घ्यायची?

मिरजेची_माया
गुडघ्याला आइल सीट, शक्य असेल तर. दर दीड-दोन तासांनी उठून मागे किचनपर्यंत चक्कर, बसल्या बसल्या पावलं वर-खाली. पाणी पीत राहायचं, बाथरूमला जायला नको म्हणून काकू लोक पाणी पीत नाहीत तेच वाईट. पायाला सूज येत असेल तर घट्ट मोजे मिळतात पण ते डॉक्टरांना विचारूनच.

एडिसनची_सून
गोळीसाठी डॉक्टरांना वेळ सांगून विचारा, पण बहुतेक जण आमच्याकडे असं करतात की प्रवासात एक घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवायचं आणि पहिली गोळी त्या घड्याळाने. तुम्ही रात्री दीडला निघताय तर सकाळी आठला तुम्ही विमानातच, साडेसहा तास झालेले असतील. पुढची मात्र अडचणीची, भारतातले दुसऱ्या दिवशीचे आठ म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ. तिथून सकाळच्या वेळेवर कसं सरकवायचं तेवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनच्या इंग्रजी कॉपीसकट. चेक-इन बॅगेत अजिबात नको.

सहारवाला_काका
सांगलीहून मुंबईला कसे येणार ते कुणी विचारलंच नाही. कॅबने आलात तर सहारला रात्री दहाच्या आत पोचायचं धरा, जानेवारीत लग्नसराईचा ट्रॅफिक असतो आणि एक्सप्रेसवेला घाटात कधी काय अडकेल सांगता येत नाही. कोल्हापूरवरून विमानाने येणार असाल तर तिकिटावर उतरायचं एअरपोर्ट नीट वाचा, आता नवी मुंबई पण चालू झालंय, त्याचा कोड एनएमआय. उतरायचं तिकडे आणि पुढची फ्लाइट सहारहून असं झालं तर रात्रीचा वाशी पूल ओलांडत बसाल.

डेपो_सांगली
कॅबच. सांगलीहून दुपारी एकला निघणार, पंक्चर आणि चहा धरून नऊला पोचतो, एवढं टाइमटेबल तरी माझ्या हातातलं आहे. तिकीट थेटच काढलं शेवटी, नेवार्कचं, आमच्या घरात वाहतूक नियंत्रक मी नाही. येतानाचं मात्र मे महिन्याचं अजून बाकी आहे, तेव्हा वारा पाठीशी असणार म्हणजे ते पण थेटच घेऊ का युरोप करू?

ढगवाला
येतानाचं थेटच घ्या काका. तुकड्यांचा फायदा जाताना जास्त होता, येताना न्यूयॉर्क ते युरोप सात तास आणि तेही रात्रीचे, जेवण उरकून डोळा लागतोय तोवर उतरायची वेळ होते, मग पुढे युरोप मुंबई साडेआठ-नऊ तास दिवसा जागेच. त्यापेक्षा साडेचौदा तास एका जागी पाय लांब करून, दोनदा झोप होते. मे पर्यंत जेट स्ट्रीम थोडा ढिला पडतो त्यामुळे दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे धरा.